पाणी तापतंय का निवतंय, आधी एवढं बघ

तुझा प्रश्न मला असा कळला: एमआयडीसीत काम, आठवड्याला एक सुट्टी, त्या दिवशी गावाजवळच्या पाझर तलावावर सकाळी दहाला काठी टाकून चारपर्यंत बसतोस. दिवाळीच्या सुमाराला रोहू आणि चिलापी बऱ्यापैकी लागत होती, डिसेंबरात जवळजवळ बंद झाली आणि आता एप्रिलात गळाला तोंड लावायला कोण तयार नाही. निघताना मोबाइलवर तापमान बघतोस आणि विचारतोस, ‘काका, नेमक्या किती अंशाला मासा लागतो?’

एक आकडा सांगितला तर तो धरून वर्षभर फसशील. मी फसलोय. गळ टाकायला लागून पस्तीसेक वर्षं झाली, त्यातली पहिली दहा ‘आज ऊन मस्त पडलंय’, ‘आज गारठा आहे’ एवढ्यावरच काढली. मोबाइल सांगतो ते हवेचं. मासा हवेत राहत नाही.

एप्रिलात आपल्याकडं दुपारी ३७-३८ आणि पहाटे २२-२३ असतं. म्हणजे हवा एका दिवसात पंधरा अंश वरखाली होते. त्याच दिवशी तलावाचा वरचा थर दोन-तीन अंश हलतो, आणि खोल डोहात तळाला काही झालंय याचा पत्ताही नसतो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यातही तुझा पाझर तलाव उथळ, तो दोन दिवसांच्या थंडीत गार पडेल. काळम्मावाडीसारखं मोठं धरण मात्र आठवडा-दोन आठवडे मागं असतं. थंडीची लाट येऊन गेलेली असते, आपण स्वेटर काढून ठेवतो आणि धरणाचं पाणी तेव्हा गारठत असतं. म्हणून एकाच तारखेला दोन पाण्यांवर मासा वेगवेगळा वागतो.

शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आधी घे: मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते थर्मामीटर. खोल पाण्याचं तापमान घ्यायला माझी जुनी युक्ती सांगतो. रबरी बुचाची एक बाटली घ्यायची, तिच्या तळाला शिसं बांधायचं. एक तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, बाटलीच्या गळ्याला, दुसरा बुचाला. पहिल्यावर मीटर-मीटरला गाठी मारायच्या. हव्या त्या खोलीवर बाटली सोडली की बुचाचा तंगूस हिसकायचा. बुडबुडे वर येतात, बाटली तिथल्याच पाण्यानं भरते. चार-पाच मिनिटं तशीच राहू दे, मग भराभर वर ओढ आणि लगेच थर्मामीटर आत घाल. काठावरचे लोक हसतात, हसू देत. एका मे महिन्यात दुपारी मी धरणावर असं मोजलं तेव्हा वर ३१, तीन मीटरवर २९ आणि आठ मीटरवर २५ भरलं. एकाच जागी, एकाच वेळी, सहा अंशांचा फरक! आता सांग, त्या दिवशी ‘पाण्याचं तापमान’ किती म्हणायचं?

मासा यातलं त्याला सोसेल ते पाणी निवडून बसतो. त्याचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला धरलेलं नसतं. भोवतीचं पाणी जेवढं, तेवढाच तो. पाणी दहा अंशांनी वाढलं तर अंगातला सगळा कारभार, म्हणजे श्वास, पचन, हालचाल, ढोबळमानानं दुप्पट वेगानं चालतो. गार झालं की तोच कारभार निम्म्यावर येतो. आपण थंडी वाजली तर घोंगडं घेतो, मासा जागा बदलतो. आपल्या म्हशी बघ. मेमध्ये दुपारी म्हैस पाण्यात, आणि पाण्यातही झाडाच्या सावलीचा कोपरा गाठून. डिसेंबरात सकाळी तीच म्हैस उन्हाला पाठ देऊन उभी. मासा तेच करतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

आता आकडे हवेच असतील तर घे, पण पाण्याचे, आणि जातीप्रमाणे. रोहू, कटला, मृगळ यांना साधारण २५ ते ३२ मानवतं, त्यातही २६ ते ३० मध्ये ते तुटून खातात. वीसच्या खाली यांची भूक मरते. चिलापी मूळची आफ्रिकेची, तिला ऊब लागते. वीसच्या खाली ती मंदावते आणि सोळाच्या आसपास खाणंच सोडते. सायप्रिनस थंड मुलखातनं आणलेला मासा, त्याला १८-२० काहीच वाटत नाही. तुझ्या डिसेंबराचं उत्तर यातच आहे. तू चिलापीच्या मागं होतास, आणि ती तळाशी जाऊन गप्प पडली होती. त्याच तलावात सायप्रिनस सोडलेला असेल तर उकडलेल्या मक्याच्या दाण्यावर तो डिसेंबरातही आला असता.

आपल्याकडं कडक थंडीतही पाझर तलाव फार तर १९-२० पर्यंत उतरतो. म्हणजे कोल्हापुरात पाणी मासा मरेल इतकं गार होत नाही, भूक मरेल इतकं होतं. हिवाळ्यात म्हणूनच येरवाळी उठून धुक्यात काकडत बसण्यात काही अर्थ नाही, नुसती हौस. पहाटे पाणी सगळ्यात गार. अकरानंतर उथळ काठावर ऊन पडतं, गाळ आणि दगड तापतात, आणि दुपारी एक ते चार या वेळात त्या पट्ट्यात पाणी दीड-दोन अंशांनी चढतं. तेवढ्यावर मासा काठाला येतो. हिवाळ्यात दहा ते चार ही तुझी वेळ बरोबर होती, जागा चुकली असणार. दिवसभर ऊन खाणारा, म्हणजे दक्षिणेला तोंड केलेला, दगडी पिचिंगचा, म्हणजे दगड रचून बांधलेला, काठ बघ. बांधाच्या सावलीत बसला असशील तर संपलं. आमिषही तेव्हा लहान लागतं: हरभऱ्याएवढी कणकेची गोळी किंवा अर्धं गांडूळ, बारीक गळ, बारीक तंगूस. दिवाळीला टाकत होतास तशी शेंगपेंड मूठमूठ टाकलीस तर तेवढ्यावरच त्याचं पोट भरतं, गळाकडं कशाला बघेल? चावाही तेव्हा जोराचा नसतो. भेंड, म्हणजे तंगुसाला बांधलेला तरंगता तुकडा, बुडत नाही, नुसतं कुणी बोट लावल्यासारखं कलतं आणि दोन बोटं सरकतं. कटला तर बऱ्याचदा भेंड खाली न्यायच्या ऐवजी वर उचलून आडवं पाडतो. ओढ कसली, झुळूक आली असेल म्हणून आपण बसून राहतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. इथं नुसत्या तापमानाचं बघून चालत नाही, कारण पाणी जसं तापतं तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी राहतो. समुद्रसपाटीला २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं इथं आणखी थोडा कमी. म्हणजे ज्या वेळी माशाचं इंजिन दुप्पट पळतंय, नेमक्या त्याच वेळी हवा तोकडी. एप्रिल-मेच्या दुपारी त्याला भूक नसते असं नाही, पण खाल्लेलं पचवायला जो श्वास लागतो तो परवडत नाही. मग तो मधल्या थरात, सावलीत, हालचाल कमी करून थांबतो. अगदी तळालाही जात नाही, कारण गाळाच्या तलावात उन्हाळ्यात तळाचं पाणी गार असलं तरी कुजलेल्या पाल्यापाचोळ्यानं त्यातला ऑक्सिजन खाल्लेला असतो. ‘उन्हाळ्यात खोल टाक’ असं जो तो सांगतो ते अर्धंच खरं आहे. आठ मीटर पाण्यात तळाला गळ टाकून दिवस घालवणारे मी पुष्कळ पाहिलेत. तिथं मासाच नसतो. तीन-चार मीटरवर, पाण्याच्या मधोमध लटकव.

एप्रिलची वेळ म्हणजे तांबडं फुटल्यापासून नऊपर्यंत, आणि दिवस मावळल्यापासून पुढं दोन-तीन तास. पण पहाटेची एक मेख आहे. शेवाळ, केंदाळ, पाण्यातली झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री तीही तो वापरतात. त्यामुळं दिवस उगवण्याआधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. हिरव्यागार पाण्याच्या तलावावर पहाटे पाचला गेलास तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासताना दिसतील, चपक-चपक असा बारीक आवाज येतो. नवखा माणूस खूश होतो, म्हणतो मासे खेळतायत. ते खेळत नसतात, गुदमरत असतात. अशा वेळी काठी काढूच नये. ऊन पडून तासभर गेला की पाणी सावरतं, मासाही सावरतो, मग साडेसात-आठला टाक. निवळ पाण्यावर, किंवा रात्रभर वारा लागलेल्या मोठ्या धरणावर ही भीती कमी, तिथं झुंजूमुंजूलाच बसावं. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे मे महिन्यातला ढगाळ, वारा पडलेला, उकडणारा. ऊन नाही म्हणून शेवाळाकडून ऑक्सिजन नाही, वारा नाही म्हणून हवेतून नाही. अशा दिवशी मी घरी बसून रील साफ करतो.

वाऱ्यावरनं आठवलं. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटाकडनं पश्चिमेचा वारा सुटतो. तो वरचं तापलेलं पाणी आणि त्यावरचं सगळं बारीकसारीक खाणं पूर्व काठाला लोटतो. लाटा आपटून तिथल्या पाण्यात हवाही मिसळते. म्हणून संध्याकाळी वारा तोंडावर घेऊन पूर्वेच्या काठाला बसायचं. फेक जवळ पडते, डोळ्यात धूळ जाते, तरी तिथंच. हिवाळ्यात उलट करायचं. कोरडा गार वारा पाणी निववतो, तेव्हा आडोशाचा काठ धर.

भर दुपारी मेमध्येही लागणारा एक मासा आहे: मरळ. त्याला पाण्यातल्या ऑक्सिजनची फारशी पडलेली नसते, कारण तो वर येऊन थेट हवा घेतो. केंदाळाच्या कडेला, ढोपरभर कढत पाण्यात, बाराच्या उन्हात तो स्वस्थ पडून असतो. दर थोड्या वेळानं ‘डुब्’ करून श्वास घेतो आणि तिथंच सापडतो. रबरी बेडूक केंदाळावरून उड्या मारत ओढला की बाकी सगळे मासे झोपलेले असताना हा फट्दिशी येतो. पण पावसाच्या तोंडाशी पाण्यात तांबूस पिल्लांचा झुबका हलताना दिसला की खाली नर-मादी राखणीला असतात. त्यावर गळ टाकू नको. राखण गेली की बाकीचे मासे ती पिल्लं तासाभरात साफ करतात.

आता वळीव. महिनाभर तापलेल्या पाण्यावर गारांचा पाऊस पडतो, वरचा थर झटक्यात निवतो, कडेनं मातीचं पाणी किडे-गांडुळं घेऊन उतरतं. निवळ धरणावर किंवा ओढ्याच्या तोंडाला वळवानंतरची संध्याकाळ म्हणजे उन्हाळ्यातली दिवाळी. एकदा अशाच संध्याकाळी, तासभरात, एरवी चार सुट्ट्यांत मिळणार नाहीत एवढे रोहू मला लागले. दोन गोष्टी मात्र सांभाळ. विजा चमकत असताना कार्बनचा रॉड हातात धरू नको, तो वीज वाहून नेतो. पहिली गडगड ऐकली की रॉड आडवा ठेवून झाडापासनंही लांब हो. दुसरी गोष्ट, हाच वळीव साठलेल्या, घाण पाण्यावर पडला तर उलटं होतं. वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, तळाचं ऑक्सिजन नसलेलं कुजकं पाणी वर येतं आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगतात.

पंचगंगेवर हे दृश्य आपण सगळ्यांनीच बघितलंय. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, नदीच्या जागी डबक्यांची माळ तयार होते, आणि मेअखेर त्यात सहा-सात महिन्यांचं सांडपाणी मुरलेलं असतं. ते ३० अंशाला तापलंय, त्यात पहिला पाऊस किंवा बरगे काढल्याचा लोंढा. माशाला पळायला जागा नसते. एका वर्षी मी इचलकरंजीच्या बाजूला एका बंधाऱ्याखाली पहाटे पोहोचलो तर लोक पोत्यानं मासे गोळा करत होते. तळहाताएवढ्या चिलापीपासून हातभर लांब शिंगाळ्यापर्यंत सगळं होतं. वास असा की मी चहाही न पिता परतलो. तसले मासे कुणी फुकट दिले तरी घरी आणू नको. आणि नुसतं ‘उन्हामुळं मेले’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नको. तेच ऊन राधानगरीच्या पाण्यावरही पडतं, तिथं का मरत नाहीत?

राधानगरीचं नाव निघालंच तर तिथली एक बारकाई सांगतो. उन्हाळ्यात धरणातून खालच्या पातळीवरचं पाणी नदीत सोडतात, ते वरच्या पाण्यापेक्षा गार असतं. भोगावतीत आवर्तन सुटलं की वरच्या टप्प्यात पहिला दिवस मासा बिचकतो, कारण पाणी एकदम बदललेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धारेच्या कडेला, जिथं गार वाहतं आणि कोमट थांबलेलं पाणी मिळतं त्या रेषेवर, तो ओळीनं उभा राहतो. पण आवर्तनात पाणी चढतं, म्हणून नदीपात्रातल्या खडकावर बूड टेकू नको.

हा ‘बिचकण्याचा’ मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एखादं पाणी चार दिवस २१ ला स्थिर असेल तर मासा त्याला सरावतो आणि थोडंफार खातो. तेच पाणी दोन दिवसांत २६ वरून २२ ला पडलं, तर २२ हे २१ पेक्षा उबदार असूनही तो तोंड उघडत नाही. म्हणून मी वहीत आजचा आकडा लिहितोच, शेजारी कालचा आणि परवाचाही लिहितो. हिवाळ्यात पाणी तापत असेल तर जा. उन्हाळ्यात निवत असेल तर जा. दोन्ही ऋतूंत तीन दिवस एकसारखं असेल तरी जा. पौर्णिमा-अमावास्येचं जे लोक सांगतात त्याचा पडताळा माझ्या वहीत काही लागला नाही, पण चांदण्या रात्री गळ बांधायला बॅटरी लागत नाही हे खरं.

वर्षातला सगळ्यात सोपा काळ म्हणजे तुझी दिवाळी. हस्ताचा पाऊस ओसरला की पाणी निवळतं, २४ ते २८ वर येतं, ऑक्सिजन भरपूर असतो, आणि अंडी घालून खंगलेला मासा पोट भरायला बाहेर पडलेला असतो. तेव्हा दहाला गेलास काय आणि दोनला गेलास काय, लागतोच. त्यामुळं तुझी समजूत झाली की आपली वेळ बरोबर आहे. होळीच्या आधीचे तीनेक आठवडेही तसेच असतात, पण तो बहर लवकर सरतो.

मृग निघाल्यापासून श्रावण सरेपर्यंत मात्र माझी काठी भिंतीला असते. पाणी २४ ते ३१ च्या दरम्यान, नदीला नवा लोंढा, आणि रोहू-कटल्याची जात अंडी सोडायला चढणीला लागते. या उबेत अंडी १४ ते १८ तासांत फुटतात. मादीच्या किलोभर वजनामागं दोन-तीन लाख अंडी धर. तेव्हा शेतात चढलेले मासे काठीनं बडवून आणणारे आमच्याच भावकीत आहेत, त्यांच्याशी माझं दरवर्षी वाजतं. श्रावणात घरात मासा शिजत नाही, त्याचा मला या एका कारणासाठी तरी आनंद आहे.

उन्हाळ्यात मासा सोडून देणार असशील तर आणखी एक. तीस अंशाच्या पाण्यात दहा मिनिटं दमवलेला रोहू फोटो काढेपर्यंत टिकत नाही. जाड तंगूस वापर, लवकर काठाला आण, पाण्यातच गळ काढ, ओल्या हातानं धर. तोंड पुढं करून धरून ठेव, शेपूट मारून तो स्वतः निघेपर्यंत.

रात्री बसणार असशील तर बॅटरी आणि बूट हवेतच, उन्हाळ्यात काठाच्या दगडांवर घोणस असते. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात गेलास तर मगरी आहेत, तिथं ढोपरभरही पाण्यात उतरायचं नाही. आणि बहुतेक तलाव मासेमारीच्या ठेक्यावर दिलेले असतात. गळ टाकण्याआधी ठेकेदाराला किंवा तिथल्या मच्छीमार संस्थेला विचार. बरेचदा ते हसून ‘बसा’ म्हणतात, पण न विचारता बसलास तर काठी जाते.

या सुट्टीला साडेसहाला पोच आणि नऊला उठ. किंवा दुपारी घरी झोप काढून पाचला जा, पूर्वेच्या काठाला बस, तीन-चार मीटर पाणी असलेली जागा धरून गळ मधोमध सोड आणि आठपर्यंत थांब. बाटलीची युक्ती करून काठाचं, दोन मीटरचं आणि तळाचं असे तीन आकडे लिही. पाणी हिरवं आहे का निवळ, वारा कुठून होता, आदल्या दिवशी पाऊस झाला का, तेही लिही. ते मला कळव, मग तुझ्या तलावावर मेमध्ये कुठल्या कोपऱ्यात बसायचं ते बोलू.